बाथमधलं जातं

"उभं घर आहे हो हे," कुमुद म्हणाली. "जरा आडवं व्हायचं म्हटलं तर आधी तीन जिने चढा."

डॉक्टर हॉलिस मोठ्यानं हसले. आमच्या दोन्ही बॅगा उचलून ते पुढे चालले होते. मी मागून "द्या की, मी घेतो" म्हणत रिकाम्या हातांनी चढत होतो. घरात पाऊल टाकून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तिनं त्यांना हसवलं होतं. चौदा वर्षांच्या पत्रव्यवहारात मला ते एकदाही जमलं नव्हतं.

ही एकोणीसशे नव्वदच्या जूनमधली गोष्ट. इंग्लंडात लेस्टरला आमची मुलगी असते, तिच्याकडे आम्ही दोघं गेलो होतो आणि तिथून आठ दिवसांसाठी बाथ नावाच्या गावी डॉक्टरांकडे पाहुणे म्हणून आलो होतो. डॉक्टर पूर्वी दोन वर्षं पुण्यात होते. मुळशीपासून पाटणपर्यंत गावोगाव हिंडून त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. पुढं मायदेशी प्राध्यापक झाले, निवृत्त झाले, विधुर झाले, आणि ओव्या तशाच राहिल्या. कराडच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. एका जुन्या मासिकातला लेख मागायला त्यांनी आमच्या ग्रंथालयाला पत्र घातलं, मी तो हातानं उतरून पाठवला, आणि तिथून प्रश्न सुरू झाले. या ओवीत बाई असं का म्हणते, ही रीत कुठली, हा शब्द कशासाठी. मी उत्तरं धाडत गेलो.

आता अकराशे ओव्यांचं पुस्तक टिपांसकट छापायला चाललं होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, "मुखपृष्ठावर माझ्या नावाशेजारी आपलं नाव असावं, अशी माझी इच्छा आहे. त्याआधी आपण येऊन राहावं. मुद्रितं मिळून वाचू."

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं पुस्तकांच्या पाठीवर पांढऱ्या शाईनं लिहीत आलो होतो. माझं स्वतःचं नाव छापलेलं मी फक्त लग्नपत्रिकेत पाहिलं होतं. ते पत्र विमानात माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. दोनदा चाचपून पाहिलं.

बॅगा ठेवल्यावर डॉक्टरांनी घर दाखवलं. रस्त्याला लागून एकाला एक चिकटलेली मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, त्यातलं हे एक. दर मजल्यावर दोन खोल्या आणि मधून गोल वळत जाणारा जिना. त्याच्या थेट वर छपरात काचेचा लंबगोल झरोका.

"सतराशे त्र्याहत्तर साली हे बांधून पूर्ण झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांचं मराठी अग्रलेखासारखं होतं, पण 'ळ' असा स्वच्छ काढत की ऐकत राहावं. "जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ झाले. त्यांच्या काळातली ही बांधणी, म्हणून जॉर्जियन."

"नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते साल," मी म्हणालो. मला वाटलं, बरं सुचलं.

"अगदी यथार्थ," डॉक्टर सौजन्यानं म्हणाले.

"म्हणजे पेशवाईतलं घर," कुमुद म्हणाली. "आणि कठडा बघा, हलत नाही. आमच्या ब्लॉकला बारा वर्षांत चिरा गेल्यात."

ते पुन्हा हसले. मग त्यांनी खिडक्यांची गंमत सांगितली. पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, कारण तिथं मालक बसायचे. वर जावं तशा त्या लहान होत जातात. अगदी माळ्यावरच्या खोलीची टीचभर, ती मोलकरणीची.

"आणि स्वयंपाकघर?"

"ते तळघरात."

"म्हणजे रांधणारीला खिडकीच नाही."

"आहे, कुमुदताई. पण तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात."

कुमुदताई. मी चौदा वर्षांनंतरही 'करंबेळकर साहेब'च होतो.

तळघरातल्या त्या स्वयंपाकघरात भिंतीवर ओळीनं सात पितळी घंटा टांगलेल्या होत्या. प्रत्येक खोलीतून भिंतीच्या आतून तार आणलेली. दिवाणखान्यातल्या शेगडीशेजारची कळ ओढली की खाली त्या खोलीची घंटा वाजायची आणि नोकर धावायचे. "अजून वाजते," डॉक्टर म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी ती वाजवून दाखवली. कुमुदनं खालून "आले हं, साहेब" अशी हाळी दिली.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी प्रस्तावनेतला एक उतारा वाचून दाखवला. त्यात ही ओवी होती:

पाहुणा बंधू आला, पाट पडवीत मांडा,
उतरंडीच्या तळी, उरे मूठभर कोंडा.

"वीस वर्षं मी हिला एका दरिद्री बहिणीचं दुःख समजत होतो," डॉक्टर म्हणाले. "भाऊ आल्याचा आनंद, आणि घरात दाणा नाही. मग करंबेळकर साहेबांचं ते पत्र आलं. त्यांनी लिहिलं, ही एका बाईची ओवी नव्हेच. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. पहिली ओळ बहिणीची आहे. दुसरी समोरच्या जावेची आहे, आणि तो टोमणा आहे. त्या एका पत्रानं माझं सगळं पुस्तक बदललं. तीनशे ओव्या मी नव्यानं वाचल्या. प्रस्तावनेला नावच दिलंय, 'दोन गळे'."

कुमुद पोळीचा तुकडा मोडत होती. ती मोडतच राहिली.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "भाजीत मीठ कमी झालंय का हो?"

मी मिठाची बाटली तिच्याकडे सरकवली.

पहिले दोन दिवस ठरल्यासारखे गेले. सकाळी दिवाणखान्यात मी आणि डॉक्टर मुद्रितं घेऊन बसत असू. मी ऱ्हस्वदीर्घ पाहायचो, ते टिपा पाहायचे. फार बोलणं होत नसे. मला समोरासमोर बोलता येत नाही. पत्रात मी दुसरा माणूस असतो. तिथं विचार करायला आठवडा मिळतो. डॉक्टरांनी काही विचारलं की मी "बघून सांगतो" म्हणायचो, आणि ते जरा थांबून "अवश्य" म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी ते चहा करायला खाली गेले आणि तासभर आले नाहीत.

त्या घराचा जिना म्हणजे आवाजाची विहीर होती. तळघरात भांडं आपटलं तरी माळ्यावर कळायचं. मी दाराशी गेलो. खालून कुमुदचा आवाज येत होता, मग डॉक्टरांचा, मग दोघांचं हसणं.

"अहो, हे कुंडीखाली ठेवलंय तुम्ही? पाप लागेल की."

"पुण्याहून आणलं होतं. बासष्ट साली. बोटीच्या तळाशी."

"मग दळा त्यावर. फुलं काय ठेवता."

मागच्या दाराशी डॉक्टरांनी एक जातं ठेवलेलं होतं. त्याच्यावर जिरेनियमची कुंडी होती. कुंडी काढून, घासूनपुसून कुमुदनं ते मधोमध आणून बसवलं. खुंटा हरवला होता, तर डॉक्टरांनी झाडूचा दांडा कापून दिला. गहू कुठून तरी मिळवले. "छिन्नीनं टाकी लावायला हवी होती, दगडाची पाळी गुळगुळीत झालीय," असं ती म्हणत होती, आणि ते वहीत 'टाकी लावणे' लिहून घेत होते. हे सगळं मला वरून ऐकू येत होतं. बावीस पायऱ्या उतरून मी खाली जाऊ शकलो असतो. कुणी नको म्हणालं नव्हतं. पण कुणी बोलावलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर मुद्रितं सोडून नाश्त्यानंतर सरळ खालीच गेले. जेवायला वर आले ते म्हणाले, "काय की बाई, दमलो." मी चमकून पाहिलं. ते बोलणं माझ्या बायकोचं होतं. चौदा वर्षं माझी पत्रं वाचून त्यांचं मराठी थोडंफार माझ्यासारखं झालं होतं, असं मला मनातून वाटायचं. ते चार दिवसांत तिच्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी दुपारी मी एकटाच दिवाणखान्यात बसलो होतो. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं. माझ्यापुढे पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा कच्चा नमुना होता. डॉक्टरांचं नाव छापलेलं होतं, आणि खाली पेन्सिलीनं माझं. पेन्सिलीनं. खालून घरघर ऐकू येत होती आणि तिच्यावर कुमुदचा गळा. घरात ती कधी गायची नाही. निदान मी ऐकलं नव्हतं.

मी चपला काढल्या, जिना उतरलो आणि शेवटच्या वळणावर थांबलो. दार उघडं होतं.

फरशीवर घोंगडी अंथरून ती बसली होती, एक पाय पसरून, एक मुडपून. समोर तसेच डॉक्टर. अडुसष्ट वर्षांचा सहा फुटी माणूस, पँट पोटरीपर्यंत वर चढवलेली, घामानं लाल झालेला. झाडूच्या त्या दांड्यावर खाली त्यांचा हात होता आणि वर तिचा. जातं फिरत होतं आणि दोन्ही हात मिळून फिरत होते. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मग ते दुसरी ओळ शोधून म्हणायचे, चुकायचे, ती मान हलवायची. तिचे केस कपाळावर आले होते आणि दळण सोडून ते मागं सारायला तिला सवड नव्हती. एकतीस वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा मला पाहिल्याचं आठवेना.

मी वर आलो. शेगडीशेजारी उभा राहिलो, आणि कळ ओढली.

खाली घंटा वाजली. घरघर थांबली. गाणं थांबलं. पायऱ्यांवर तिची पावलं ऐकू आली, सावकाश, गुडघा दुखायचा तिचा. ती दारात आली. कोपरापर्यंत पीठ.

"काय हवंय?"

"काही नाही. सहज."

"सहज घंटा वाजवलीत?"

"वाजते का बघत होतो."

ती आत आली आणि दार लोटून घेतलं. "बोला."

"तू त्यांच्याबरोबर दळत होतीस."

"हो. त्यांना ओढता येत नाही, ढकलतात. ढकललं की समोरच्या बाईला जड होतं."

"त्यांचा हात तुझ्या हाताला लागत होता."

कुमुद माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. "एका खुंट्याला दोघांनी धरलं की लागणारच की हात. म्हाताऱ्या माणसाचा हात तो. आपण साठीला आलो."

"तुला सांगून ठेवतो, मला हे आवडलेलं नाही."

"ते दिसतंय." तिनं पदरानं हात पुसले. "पण तुम्हाला हाताचं लागलेलं नाही."

"मग कशाचं लागलंय?"

"तुमचं तुम्ही बघा. मी पीठ डब्यात भरते, नाही तर दमट होईल." ती दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "पुन्हा घंटा वाजवू नका. जिन्यातून हाक मारा."

चार वाजता डॉक्टर वर आले. चहाचा ट्रे त्यांनीच आणला होता. मागून कुमुद आली आणि खिडकीच्या कोनाड्यात बसली. डॉक्टर बसले नाहीत. ते फार आनंदात होते आणि आनंद आवरत होते, असं दिसत होतं.

"साहेब, आज एक विलक्षण गोष्ट झाली. मी ताईंना ती ओवी म्हणायला सांगितली. 'पाहुणा बंधू.' पहिली ओळ त्यांनी म्हटली आणि थांबल्या. मी दुसरी म्हणू लागलो, तर म्हणाल्या, 'अशी गोड नका म्हणू. ही समोरची बोलतेय. दाणा नाही म्हणून रडत नाही ती, आणखी एक तोंड आलं म्हणून चिमटा काढतेय.' साहेब, 'आणखी एक तोंड आलं म्हणून चिमटा काढतेय' हे आपल्या पत्रातलं वाक्य आहे. शब्दन्‌शब्द. मला ते पाठ आहे." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आपण दोघं या विषयावर कधी बोलला होतात का?"

इथवर एक गोष्ट मी सांगितलेली नाही.

ते पत्र मी लिहिलं, त्याआधीच्या दुपारी कुमुद कराडच्या घरी तांदूळ निवडत बसली होती. मी डॉक्टरांची ओवी वाचून दाखवली आणि म्हणालो, बघ, केवढं दारिद्र्य. ती म्हणाली, "कसलं दारिद्र्य. ही एकटीची ओवी नव्हेच. समोरची बोलतेय." मग तिनं तिच्या माहेरचं सांगितलं. पाटणजवळच्या त्या घरात तिची आई आणि काकू दिवसभर एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत, पण पहाटे एकाच जात्यावर समोरासमोर बसायच्या आणि जे काही असेल ते ओवीतून काढायच्या. ही दारामागं अंथरुणात पडून ऐकायची. मी सगळं टिपून घेतलं. पत्रात 'माझ्या मते' असं लिहिलं.

ते एकच पत्र नव्हतं. चौदा वर्षांतली जवळजवळ सगळी उत्तरं मी अशीच मिळवली होती, ती भाजी चिरताना, वाती वळताना, रेशनच्या रांगेतून आल्यावर. ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकात ती नव्हती. मी ती छान अक्षरात लिहिली, पाकिटं चिकटवली. तिचं नाव कुठं आलं नाही. मुद्दाम टाळलं असं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे.

डॉक्टर उत्तराची वाट पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. मला वाटतं, आम्ही 'हो, हिनंच सांगितलं होतं' असं म्हणावं म्हणून ते थांबले होते. म्हणजे त्यांना आणखी आनंद करता आला असता. मुखपृष्ठावर तीन नावांना भरपूर जागा होती.

"बोललो होतो," मी म्हणालो. "मीच तिला समजावून सांगितलं होतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली.

डॉक्टर कुमुदकडे वळले. "असं होय, ताई?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. पिठाचा एक पापुद्रा तिच्या मनगटावर राहिला होता, तो ती नखानं काढत होती.

"हो," ती म्हणाली. "ह्यांनीच सांगितलं. मला काय कळतंय त्यातलं."

"पण आपल्या आईची आठवण... आपण मला खाली सांगितलीत ती..."

"आठवणी सगळ्यांनाच असतात. अर्थ हे सांगतात. चहा घ्या, निवतोय."

डॉक्टरांनी चहा घेतला. त्यांचं मराठी पुन्हा अग्रलेखासारखं झालं. राहिलेले तीन दिवस ते दिवाणखान्यात माझ्याबरोबर बसले. आम्ही उरलेली सगळी मुद्रितं वाचून संपवली. कुमुदनं जातं जागेवर सरकवलं आणि त्याच्यावर कुंडी ठेवली. दळलेल्या पिठाच्या पोळ्या निघायच्या दिवशी सकाळी तिनं केल्या, जाड झाल्या होत्या. दारात निरोप घेताना डॉक्टरांनी तिला वाकून नमस्कार केला, मला हात दिला.

पुस्तक दोन वर्षांनी आलं. मुखपृष्ठावर हॉलिस आणि खाली करंबेळकर. पेन्सिलीनं नाही. कुमुदनं ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि "बांधणी चांगली आहे," असं म्हणून मला परत दिलं. कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल तिनं घडी करून कपाटात ठेवली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी डॉक्टरांचं जाड पाकीट आलं. दुसरा खंड करायचा होता, नव्या सहाशे ओव्यांचा. बरोबर चाळीस प्रश्नांची यादी. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती शेंगा सोलत होती. मी नेहमीसारखा पाटावर बसलो आणि पहिला प्रश्न वाचला.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंत मला."

"अगं, तसं नव्हे..."

"आठवून बघा. आठवेल तुम्हाला."

तिच्या आवाजात राग नव्हता. सोललेल्या शेंगा एकीकडे, टरफलं एकीकडे, असं तिचं चाललं होतं. मी पंधरा दिवस ती यादी घेऊन बसलो. कोश पाहिले, जुनी मासिकं पाहिली. चाळीसपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली आणि त्यातलं एक चुकीचं असावं असं मलाच वाटत होतं. शेवटी एका दुपारी ती भाजी निवडत असताना मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मला यातलं काही येत नाही," मी म्हणालो.

"ते मला माहितीय."

"तू सांग. मी लिहितो. या वेळी तुझं नाव घालू. डॉक्टरांना मी खरं काय ते कळवतो, बाथमधलंसुद्धा."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता ती सरकून मला बसायला जागा करील.

"नको," ती म्हणाली.

आपल्याकडे पहिला नको कुणी खरा धरत नाही. पाहुण्यानं नको म्हटलं तरी आपण वाढतोच. दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो, ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतो. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मी म्हणालो, "बरं, तुझी इच्छा." आत गेलो आणि प्रकृतीचं कारण देऊन डॉक्टरांना पत्र लिहिलं. दुसरा खंड निघालाच नाही. काही वर्षांनी डॉक्टर गेल्याचं त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं.

आज मी पंच्याऐंशीचा आहे, ती ऐंशीची. हे लिहितोय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत आहे, मधलं दार उघडं आहे. मी पुन्हा विचारलेलं नाही.